बारा सेंट पाऊस

मुत्तखेळ्ळीत एकदा लुगड्यातून पाऊस पडला होता. खोटं वाटत असेल तर वाटो. पण पडला, सात सेंट पडला, आणि तो मोजणारा माणूस सरकारी होता.

निजामाचं राज्य होतं तेव्हाची गोष्ट. बिदरला आगगाडी नुकती आलेली, आणि मन्नाएखेळ्ळीपासून कोसभर आत असलेल्या मुत्तखेळ्ळीला अजून धड बैलगाडीही येत नव्हती. गावच्या चावडीमागं, हरिबाच्या परसाला लागून, सरकारनं दगडी चौथरा बांधून त्यात पत्र्याचं एक नळकांडं रोवलं होतं. वर नरसाळं, आत बाटली, भोवती तारेचं कुंपण. आसपासच्या सहा गावांत पाऊस किती झाला ते त्या बाटलीनं सांगायचं आणि सरकारनं मानायचं. आधीचा मोजणीवाला म्हातारा होता. तो मन्नाएखेळ्ळीला बाजेवर पडल्यापडल्याच इथला पाऊस लिहायचा. त्यामुळं गावाला त्या नळकांड्याचं काही वाटत नसे. कुंपणाच्या तारेचं मात्र हरिबाच्या लेकीला, राजूबाईला, भारी कौतुक होतं. नऊवारी लुगडं वाळत घालायला एवढी सरळ तार सहा गावांत दुसरी नव्हती.

त्या सकाळी तिनं लुगडं तारेवर टाकलं, पिळायचा कंटाळा केला, ओला पदर आत नरसाळ्यावर निथळत राहिला, आणि थोड्या वेळानं वळून बघते तर कुंपणाच्या दारात सायकल धरून एक उंच, सावळा माणूस उभा.

"हे लुगडं कुणाचं?"

"नेसणारीचं."

"सरकारी कुंपण हाय हे."

"मग? लुगडं बी काय चोरीचं न्हाई."

तो हसला नाही. आत आला, नरसाळं काढलं, बाटली वर घेतली आणि थबकला. आभाळात कापसाच्या बोंडाएवढाही ढग नव्हता, आणि बाटलीत पाणी! त्यानं ते रेघारेघांच्या काचेच्या नळीत ओतलं, नळी डोळ्यासमोर धरली, गुडघे वाकवून खाली-खाली झाला...

"सात सेंट," तो गंभीरपणे म्हणाला.

"काय सात?"

"पाऊस. एका इंचाचे शंभर भाग केले तर त्यातले सात. तुमच्या पदरानं पाडला."

"अगं बया! मग लिवा की वहीत. हरिबाच्या लेकीनं पाडला म्हणून."

त्यानं नळी नाकाशी नेली. "रिठ्याचा वास यायलाय. पावसाला रिठ्याचा वास नसतोय, बाई." आणि पाणी मातीत ओतून देऊन त्यानं वहीत काहीतरी लिहिलं.

"काय लिवलाव?"

"सिफर."

"म्हंजे?"

"म्हंजे काही न्हाई. शून्य. बाटलीत पाऊस असंल तर पाऊस लिवायचा, नसंल तर सिफर. खोटं लिवायचं न्हाई." हे सांगताना त्यानं वहीकडं बघायला हवं होतं, पण तो तिच्याकडंच बघत होता. मग सायकलवर बसला आणि गेला. दौत चौथऱ्यावरच राहिली. ती न्यायला दुपारी पुन्हा आला, आणि तेव्हा टाक विसरून गेला.

त्याचं नाव अंबाजी. चिटगुप्प्याकडच्या एका शेतकरी घरातला, उर्दू शाळेत शिकलेला, पाऊस मोजण्याच्या नोकरीवर नवा लागलेला. सकाळी आठला चौथऱ्याजवळ त्याची सायकल टेकली नाही असा दिवस पुढं उजाडलाच नाही. गावातल्या कोंबड्यांनी म्हणे आरवणं सोडून दिलं; अंबाजीची घंटा वाजली की लोक समजायचे आठ झाले.

त्या वर्षी पाऊस चांगला होता. पाऊस असला की तीनदा मोजायचा असा कायदा होता, आणि कायदा पाळणारा अंबाजीएवढा माणूस रियासतीत नव्हता. तिसऱ्यांदा मोजायला तो राजूला बोलवायचा.

"या, तुमी बघा. माझे डोळे सरकारी हायत, तुमचे खरे असतील."

"किती हो... वीस?"

"कड बघायलाव तुमी. काचेला पाणी चिकटून वर चढतंय, ती कड फसवी. मधी पाण्याचं पोट खाली आलंय बघा, ते मोजायचं."

ती वाकली. पलीकडून तोही वाकला. मधे काचेची नळी, नळीत पावसाचं पाणी, आणि पाण्यापलीकडं त्याचा एक डोळा, म्हशीच्या डोळ्याएवढा मोठा, काळाभोर, पापणी न लवणारा...

"अठरा," ती हळूच म्हणाली.

"पाऊस?"

"मग काय तुमच्या पापण्या मोजले व्हय!"

त्या दिवशी वहीत अठराच लिहिलं गेलं, पण लिहिताना तो वहीकडं बघतच नव्हता, त्यामुळं आकडा जरा वाकडा आला. बस्स. एवढंच. याच्यापुढं दोघांत काही नव्हतं. सकाळचा अर्धा तास, एक नळी आणि तिच्या दोन बाजू.

मग पुढचं वर्ष आलं.

त्या वर्षीच्या उन्हाळ्यानं पावसाळ्याला दारातून आतच घेतलं नाही. मृग कोरडा, आर्द्रा कोरड्या. ओढ्यातले बेडूक पोहणं विसरले. हरिबाच्या गुडगुडीतलं पाणी कावळ्यानं चोच घालून ओढून नेलं, असं शेजारची चन्नम्मा शपथेवर सांगायची. माणसं घाम पुसत नव्हती, वाया जाईल म्हणून. राजू मध्यरात्रीच कोसभर लांबच्या विहिरीवर जायची. खाली उतरून वाटीनं घागर भरायची, आणि घागर घरी येईपर्यंत पहाट व्हायची.

आणि अंबाजीचं काम एका मिनिटावर आलं. बाटली काढ, उलटी कर, सिफर लिही, सायकलवर बस. चावडी समोरच. भरल्या बाटलीजवळ उभं राहणं ही नोकरी होती. रिकाम्या बाटलीजवळ उभं राहिलं की चावडीवरची तोंडं वळायची.

"आज बी...?" ती परसातून विचारायची.

"सिफर," तो म्हणायचा. टाचेनं सायकलचा आधार उडवायचा, आणि एकदा मागं बघायचा. एकदाच.

अशी सव्वीस सिफरं झाली. सत्ताविसाव्या पहाटे राजूनं घागरीतून तांब्या भरला. परसात आली. इकडंतिकडं बघितलं. ओंजळसुद्धा नाही, चूळभर पाणी तिनं त्या नरसाळ्यात सोडलं. बुडबुड असा इवलासा आवाज झाला, आणि ती अशी पळत घरात गेली की तुळशीला तिचा धक्का लागला.

आठ वाजता अंबाजीनं बाटली काढली. हलवली. आभाळाकडं बघितलं, ते तव्यासारखं कोरडं. कुंपणाशी राजू उभी होती आणि पायाच्या अंगठ्यानं माती उकरत होती. मग त्यानं नळी काढली.

"बारा सेंट," तो म्हणाला. "या राजूबाई. तीनदा मोजायचा कायदा हाय."

"पहाटं... भुरभुर हुती जरा," ती म्हणाली.

"असंल. भुरभुर असतीय कधीकधी. एकाच जागी पडतीय."

आणि मधे पाणी, पलीकडं तो डोळा...

मग एका दिवसाआड मुत्तखेळ्ळीत बारा सेंट पडू लागले. ना तेरा, ना अकरा. सहा गावांत कुणाच्या अंगावर थेंब नाही, पण नळकांड्यात पाऊस! चन्नम्मानं एकदा बाटली भरलेली बघितली आणि गावभर सांगितलं, "अय्यो, वरचा बी सरकारला भ्यायलाय, सरकारी भांड्यातच पाडायलाय!" मग बायका चौथऱ्याला हळदकुंकू वाहू लागल्या. चार म्हातारे पहाटे तोंड उघडं टाकून कुंपणाशी बसायचे, एखादा थेंब चुकून बाहेर सांडेल म्हणून. राजूला तांब्या लपवत, त्यांचा डोळा चुकवत यावं लागायचं. तिला हसू यायचं. तेव्हा यायचं.

श्रावण सरला आणि विहीर आटली. त्या दिवशी घागर आलीच नाही, तांब्या पालथाच राहिला. आठ वाजता अंबाजीनं बाटली काढली. ती कोरडी होती, उन्हात चकाकत होती. राजूनं मान खाली घातली. आता सिफर म्हणेल आणि जाईल...

अंबाजीनं कोरडी बाटली नळीवर उपडी धरली. नीट ठिबकू दिल्यासारखी, शेवटच्या थेंबापर्यंत. मग रिकामी नळी डोळ्यासमोर धरली, गुडघे वाकवले आणि बघत राहिला.

"बारा सेंट," तो म्हणाला.

तिनं चमकून वर बघितलं. रिकाम्या काचेतून त्याचा डोळा आज मोठा दिसत नव्हता. जेवढा होता तेवढाच दिसत होता.

"तुमाला... ठाव हुतं?"

"विहिरीच्या पाण्याला गाळाचा वास असतोय, राजू. पहिल्या दिवसापासून ठाव हाय."

"मग कामून लिवलाव?"

"तू कामून ओतलीस?"

तिनं रिकामी नळी त्याच्या हातातून घेतली आणि पदरानं पुसून परत दिली. खरं तर तेच उत्तर होतं. तो त्या दिवशी तिला पहिल्यांदा नुसतं राजू म्हणाला होता, आणि ती दिवसभर, तोंडात पाण्याचा टिपूस नसताना, गूळ चघळल्यासारखी घरात फिरत होती. सुख म्हणायचं तर एवढंच एक दिवसाचं.

कारण दुसऱ्या दिवशी चावडीवर पटवाऱ्यानं यादी वाचली.

सरकारनं जिल्ह्यात चाऱ्याची नि धान्याची ठाणी उघडली होती. जिथं तीन इंचांच्या आत पाऊस, तिथं कडबा, ज्वारी, पाण्याच्या गाड्या. गावाचं नाव ऐकायला सगळे ताटकळले होते. हरिबा तर दाव्यासकट बैल घेऊनच आला होता, सोन्या आणि मुत्त्या. दोघांच्या बरगड्या मोजता येत होत्या.

"मुत्तखेळ्ळी आणि पाच गावं," पटवारी वाचत होता, "पाऊस तीन इंच साठ सेंट. वेळच्या वेळी. चाऱ्याची गरज न्हाई."

लोकांनी आधी आभाळाकडं बघितलं. मग एक म्हातारा म्हणाला, "कुठं पडला हो? आमाला सांगा, आमी जाऊन पितो."

राजू खांबाआड उभी होती. एका दिवसाआड बारा, बारा, बारा... तिनं बोटांवर धरायला घेतलं आणि बोटंच पुरली नाहीत. चूळभर पाणी. तिच्या हातचं. त्यानं सहा गावांचा कडबा वाहून नेला होता.

सोन्या चौथ्या दिवशी गेला. हरिबा त्याच्या तोंडाशी कोरडा हात नेत राहिला, आणि सोन्या तो हात चाटत राहिला, चाटता चाटता थांबला. रस्त्यावरून चाऱ्याच्या गाड्या दुसऱ्या गावांना जायच्या. चाकांखाली गळालेल्या काड्या वेचायला बायका मागून धावायच्या. चन्नम्मा घराला कुलूप लावून सोलापूरच्या गिरण्यांकडं निघाली. जाताना तिनं चौथऱ्याला नमस्कार केला. राजूच्यानं ते बघवलं नाही.

अंबाजीनं वरच्या कचेरीला पत्र लिहिलं, की मुत्तखेळ्ळीचे आकडे संशयास्पद आहेत, फेरतपासणी व्हावी. उत्तर नाही. दुसरं लिहिलं. तिसरं लिहिलं. तो आता सकाळी यायचा तेव्हा सायकलवरून उतरून चालत यायचा, मान खाली घालून. वहीत सिफर लिहायचा. सिफर लिहून मागचं काही पुसलं जात नाही, हे दोघांना कळत होतं.

मग उत्तर आलं. लाल लाखेचा लखोटा, आणि तो घेऊन खुद्द घोडेस्वार! कचेरीनं कळवलं होतं की अंबाजीला 'हुस्न-ए-कारगुजारी' तमगा मंजूर झाला आहे. अख्ख्या रियासतीतल्या सरकारी नोकरांत ज्यांची चाकरी सर्वांत चोख, अशा अकराच जणांना तो त्या वर्षी मिळणार होता. जिल्हा कोरडा असताना पाऊस मोजायच्या या एका ठाण्यानं सरकारची उमेद राखली. इथला पाऊससुद्धा शिस्तीनं पडतो. आणि इतकं असूनही हा नोकर तीन-तीन पत्रं लिहून स्वतःच्याच आकड्यांची तपासणी मागतो, याहून मोठं इमान कुठलं? गुलबर्ग्याला सुभेदारसाहेबांच्या दरबारात हजर व्हावं. डोक्याला दस्तार आणि कमरेला बगलूसचा पट्टा बांधून यावं. तमग्याबरोबर हैदराबादेत बढती.

ज्या गावात पाणी नव्हतं त्या गावातही बातमी पसरायला वेळ लागला नाही. हरिबा संध्याकाळी भिंतीला टेकून म्हणाला, "राजू, तो अंबाजी... सरकारी बिल्ल्याचा जावई कुणाला मिळतोय? त्यानं मागं एकदा विचारलता मला. मी म्हणलो, पाऊस मोजून कुणाचं पोट भरतंय. आता विचारला तर न्हाई म्हणणार न्हाई मी. हितं राहून तू तरी कामून मरावंस?"

म्हणजे त्यानं विचारलं होतं. तिला माहीतही नव्हतं.

दुसऱ्या सकाळी ती कुंपणाच्या आत, चौथऱ्यावर बसून राहिली. चावडीवर आता बघायला कुणी उरलंही नव्हतं.

"ऐकलं तुमचं," ती म्हणाली. "हैदराबाद म्हणं."

"व्हय. तितं मोठी यंत्रं हायत म्हणं पावसाची." तो तिच्याशेजारी बसला, मधे एक हात सोडून. "तुज्या अप्पानं निरोप धाडलाय काल. राजू, तू हो म्हणलीस तर... एवढा बिल्ला लावून घ्यायचा आणि निघायचं. मागं बघायचंच न्हाई."

तिनं घराकडं बघितलं. गोठ्यात मुत्त्या एकटाच दाव्याला उभा होता.

"तितं सकाळी आठला तुमी पाऊस मोजनार," ती म्हणाली, "आणि मी पलीकडून बघनार?"

"व्हय."

"आणि मला पाण्यात सोन्या दिसंल."

अंबाजीनं डोळे मिटून घेतले.

"दरबारात सुभेदार असतोय ना? चारचौघांत बोललं की त्याला पत्रागत फाईलीत टाकता येत न्हाई. मी येते तुमच्यासंगं. सांगते, पाणी मी ओतलं म्हणून."

"तू न्हाई." तो पहिल्यांदाच तिच्यावर आवाज चढवून बोलला. "वहीत अक्षर माझं हाय. तुझं पाणी चूळभर, माझं खोटं सहा गावांएवढं. आणि... खरं सांगितलं तर परत येणं हुणार न्हाई, राजू. ठाव हाय ना?"

"ठाव हाय."

"तरी जाऊ?"

तिनं मान हलवली. हो म्हणायला तोंड उघडलं असतं तर दुसरंच काही निघालं असतं... जाऊ नको असं. म्हणून तिनं तोंड उघडलंच नाही.

दरबारात काय झालं ते गाडीवान निंगप्पानं येऊन सांगितलं. तो बाहेर खिडकीला लटकून बघत होता, आणि खिडकी इतकी उंच होती की तिला लटकायला आपण आधी उंटावर चढलो, असं तो सांगतो. उंट सोडून द्या. बाकीचं खरं.

अंबाजीची दस्तार मागून आणलेली, दोन बोटं मोठी. सारखी भुवयांवर उतरायची. सुभेदारसाहेबांनी स्वतःच्या हातानं तमगा छातीला टोचला, टाळ्या झाल्या. बाकीचे दहा जण मुजरा करून मागं सरले. अंबाजी मागं सरला नाही. त्यानं दस्तार वर सारली आणि म्हणाला, "हुजूर, मुत्तखेळ्ळीत पाऊस पडला न्हाई. बाटलीत पाणी मी ओतलो. सहा गावं मरायलेत. चारा धाडा."

आधी सगळे हसले. त्यांना वाटलं, नम्रता. सुभेदारसाहेबसुद्धा हसून म्हणाले, असा माणूस पाहिजे. मग अंबाजीनं तेच पुन्हा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगितलं, तेव्हा हसू थांबलं.

"का ओतलंस?" साहेबांनी विचारलं.

निंगप्पा म्हणतो, त्यावर त्यानं घसरलेली दस्तार पुन्हा वर सारली. मग म्हणाला, "पाऊस बघायची हौस हुती, हुजूर."

तमगा तिथल्या तिथं काढला. घाईत ओढल्यानं शेरवानीला छातीवर भोक पडलं. नोकरी गेली, दोन वर्षांची कैद लागली. आणि बाराव्या दिवशी मुत्तखेळ्ळीत चाऱ्याच्या गाड्या आल्या.

गाव वाचलं, जे उरलं होतं ते वाचलं. मुत्त्यानं कडब्याला तोंड लावलं तेव्हा हरिबा रडला. पण एका बैलावर नांगर चालत नाही, आणि जोडीला बैल कुठून येणार? लोकांच्या पोटात चार घास गेले आणि त्यांना रागवायला ताकद आली. ज्या चौथऱ्याला हळदकुंकू वाहिलं त्यावरच धोंडे घातले. नळकांडं चेपलं, बाटली फुटली, अंबाजीच्या नावानं बायका बोटं मोडू लागल्या. अंबाजी गुलबर्ग्याला जाताना चौथऱ्यावर ठेवून गेलेली रेघांची काचेची नळी तेवढी राजूनं आधीच उचलून पदराखाली नेली होती.

एक दिवस तिला ते शिव्याशाप ऐकवेनात. ती चावडीत उभी राहिली आणि सगळ्यांदेखत म्हणाली, "पाणी त्यानं ओतलं न्हाई. मी ओतले. एका दिवसाआड, पहाटं, माझ्या हातानं."

मग एक बाई कळवळून म्हणाली, "पोरीचं डोकं फिरलं गं उन्हानं. असल्या दुष्काळात पाणी कोण ओततंय मातीत?" दुसरीनं तिच्या डोक्यावर ओला हात ठेवला. कुणी, कुणीच विश्वास ठेवला नाही. शिव्यासुद्धा तिच्या वाट्याला आल्या नाहीत. सगळ्या त्याच्याच नावावर राहिल्या.

हरिबा मात्र तिला घरी आणताना वाटेत थांबला. "पहाटं तू तांब्या घेऊन परसात जायचीस," तो हलकेच म्हणाला. "मी जागा असायचो. मला वाटायचं, तुळशीला घालायलीस." एवढंच. मग तो पुढं चालू लागला. घरात आल्यावर त्यानं सोन्याचं रिकामं दावं खुंटीवरून काढलं आणि आत कुठंतरी ठेवून दिलं, तिला दिसू नये म्हणून.

पंधरा दिवसांनी निंगप्पा सांगत आला की कैद्यांची गाडी गुलबर्ग्याहून बिदरच्या तुरुंगाकडं निघाली आहे; मन्नाएखेळ्ळीच्या फाट्यावर बैलं सोडतील. राजू कोसभर चालत गेली. काखेत तांब्या, पदराला नळी बांधलेली.

फाट्यावर लिंबाखाली छकडा उभा होता. त्यात तिघे कैदी, शेवटचा अंबाजी. डोकं भादरलेलं, हातात बेड्या, अंगावर तीच शेरवानी, छातीवर भोक पडलेली. त्यानं तिला बघितलं, आणि पायाच्या अंगठ्यानं छकड्याची फळी उकरू लागला.

"जमादार," राजू म्हणाली, "कैद्याला पाणी पाजू का?"

"पिलाओ बाई, पिलाओ. जल्दी करो मगर," शिपाई म्हणाला आणि चिलीम भरू लागला.

तिनं पदराची गाठ सोडली. नळी काढली, तांब्यातलं पाणी तिच्यात ओतलं, आणि त्याच्या बांधलेल्या हातांत दिली. अंबाजीनं ती लगेच तोंडाला लावली नाही. बेड्या वाजवत वर उचलली, डोळ्यासमोर धरली. छकड्यात जागा नव्हती तरी गुडघे वाकवायला बघितलं. राजू पलीकडून वाकली.

मधे पाणी. पलीकडं डोळा, म्हशीच्या डोळ्याएवढा मोठा, काळाभोर. या वेळी त्यातूनही पाणी येत होतं, त्यामुळं मोजायला अवघड गेलं असेल.

"अप्पा कसे हायत?"

"हायत."

"मुत्त्या?"

"खायलाय."

"मग बरं झालं," तो म्हणाला. "राजू... माझी वाट बघू नगंस. दोन वर्षं लई असतात. तुझा अप्पा एकटा पडलाय."

"वाट कोण बघायलंय?" ती म्हणाली. "मी पाऊस बघायले."

तो पाणी प्यायला. सावकाश, एकेक रेघ. पंधरा... दहा... पाच. शेवटचा थेंबसुद्धा त्यानं काच उलटी करून घेतला.

"चलो रे!" शिपायानं चिलीम झाडली. बैलं जुंपली गेली.

"किती?" राजूनं घाईघाईनं विचारलं. "सांगा ना... किती?"

अंबाजीनं रिकामी नळी पुन्हा डोळ्यासमोर धरली. छकडा हलला होता, त्याला धड उभंही राहता येत नव्हतं. पण तो बघत राहिला, वही नव्हती, टाक नव्हता, सरकार तर कधीच नव्हतं.

"बारा सेंट," तो म्हणाला, आणि नळी तिच्या हातात दिली.

शिपाई खो-खो हसला. "पागल है क्या जी ये? खाली तो है!"

"तुमास्नी वाचता येत न्हाई, जमादार," राजू म्हणाली. "कड बघायलाव तुमी."

छकडा बिदरच्या रस्त्याला लागला. धूळ उठली, आणि बसायला फार वेळ लागला. धुळीला जड करायला आभाळात काहीच नव्हतं. ती बसेपर्यंत राजू तिथंच उभी होती. मग तिनं नळी पदरात बांधली, पक्की गाठ मारली, आणि कोसभर वाट चालू लागली.